सात दगड, आठ कबरी

मी गाडीतून उतरले आणि पाहिलं, तर भेग बुजवलेली.

थोडीथोडकी नव्हे. शाळेच्या मागच्या उतारापासून झऱ्यापर्यंत, झऱ्यापासून कब्रस्तानापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, आमच्या काश्का-बुलाक गावाच्या डोक्यावरून आडवी गेलेली सगळीच्या सगळी भेग गाववाल्यांनी माती टाकून, तुडवून, वर पाणी मारून सपाट केली होती. तुटलेला पाट जोडून सरळ केला होता. कुंपणाचे खांब उपटून पुन्हा एका ओळीत रोवले होते. रस्त्यावर खडी ओतून ट्रॅक्टर फिरवला होता. भूकंपाने जमिनीवर पडलेल्या भेगा पाहायच्या, मोजायच्या आणि त्यांचा प्रकार ठरवायचा, हे माझं काम. त्यासाठी राजधानीतली संस्था मला पगार देते. गावाच्या दोन्ही अंगांना डोंगर कोसळून सगळं दरडीखाली गेलेलं. भेग उघडी होती ती फक्त गावात, माझ्या स्वतःच्या गावात, आणि ती गावाने बुजवली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. समोर तालाय उभा होता. तालाय माझा धाकटा भाऊ, आणि तीन वर्षांपासून गावाचा प्रमुख.

"कोणाची अक्कल ही?" मी विचारलं.

"आधी चहा तरी घे, एजे." थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो. तालायला हा शब्द काही काम काढायचं असलं की आठवतो.

"चहा राहू दे. भेग का बुजवलीत?"

"उघडी कशी ठेवायची? गावचे म्हातारे, पांढरदाढे, म्हणाले, खणलेली कबर रिकामी ठेवायची नसते. जमिनीने तोंड उघडलं की ती कोणाला तरी मागते. त्या दिवशी आम्ही दोघांना पुरलं. तिसऱ्याची वाट बघत बसायचं होतं का?"

"ती कबर नव्हती, तालाय."

"तू बघितली नाहीस म्हणून म्हणतेस. लांबी बघितली असतीस तर म्हणाली असतीस, अख्ख्या गावाची कबर आहे."

फोनवर फोटो होते. गावातल्या प्रत्येकाकडे होते. पण सगळ्या फोटोंत कोणीतरी भेगेत पाय सोडून बसलेलं, नाहीतर मेंढी तिच्यावरून उडी मारतेय. भेग किती रुंद ते त्यात दिसत होतं. मला हवं होतं ते वेगळंच. दोन्ही काठ एकमेकांपासून बाजूला किती सरकले ते हवं होतं, आणि ते समजायला भेगेवरून सरळ गेलेली एखादी माणसाच्या हातची वस्तू लागते. पाट, कुंपण, भिंत, रस्ता. माझ्या गावाने नेमक्या त्याच वस्तू कामसूपणाने सरळ करून ठेवल्या होत्या. एरवी या गावात फुटलेली मोरी दुरुस्त व्हायला हिवाळा उलटतो.

भेगांचे तीन प्रकार आम्ही धरतो. पहिला, म्हणजे जमिनीच्या पोटातला भ्रंशच सरकला आणि त्याची चीर थेट वर आली. ती पुन्हा येईल तेव्हा तिथूनच येईल. दुसरा, म्हणजे त्या चिरेला आजूबाजूला फुटलेले फाटे. तिसरा, म्हणजे नुसत्या हादऱ्याने झालेली पडझड, ओली माती खचली, उतार थोडा घसरला. तिसऱ्यावर माती दाबून पुन्हा घर बांधता येतं. पहिल्यावर कोंबड्यांचं खुराडंही बांधू नये.

आणि पडलेल्या शाळेच्या जागी तालायने नव्या शाळेचा पाया भरून ठेवला होता.

भूकंप महिन्यापूर्वी, सकाळी लवकर झाला, शाळा उघडायच्या आधी. नाहीतर आज मी भेगेवरून भांडत बसले नसते. इमारत मधोमध फाटून दोन्ही बाजूंना बसली होती. वर्गातले बाक आता बाहेर रचून ठेवले होते, त्यांवर पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं तशीच होती. मुलं नदीकाठी तंबूत शिकत होती, आणि आमच्याकडे तंबूत शिकायचे दिवस फार नसतात. हे सगळं मला समजत होतं. म्हणून तर अधिक राग येत होता. समोरचा माणूस नुसता लबाड असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"तू तिसरा लिही," तालाय शाळेच्या नव्या पायावर उभा राहून म्हणाला. "एवढंच कर. परदेशातल्या लोकांनी पैसे दिलेत ते याच जागेसाठी. बर्फ पडायच्या आत छप्पर घातलं नाही तर पोरं वसंतापर्यंत घरी बसतील."

"ही चीर कसली?" मी बुटाने पायाच्या काँक्रीटवरची केसाएवढी रेघ दाखवली.

"सिमेंट आहे. सुकताना पडते."

"जमीन अजून सरकतेय, केसाकेसाने. खालचा भ्रंश थांबलेला नाही."

"तो भ्रंश आता पाचशे वर्षं झोपेल, असं समितीचे साहेबच फोनवर म्हणाले."

"भ्रंशाने त्यांना सांगितलं का? ही रेषा लांब आहे, एका तुकड्यात तुटली आहे. दुसरा तुकडा कधी तुटेल ते मला ठाऊक नाही, तुझ्या साहेबांना ठाऊक नाही. तुझ्या दोन्ही मुली याच शाळेत बसणार ना?"

तो रेघ बुटाने पुसत म्हणाला, "दुसरी सपाट जागा दाखव."

"खाली नदीजवळ. मैदान आहे की."

"कोक-बोरूचं मैदान?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घोड्याचं मांस मागितलं. "पांढरदाढे मला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटवतील. चारी गावं येतात खेळायला. आजोबा तिथे खेळले."

"म्हणजे घोड्यावरून मेलेला बोकड खेचायला गावात जागा आहे, आणि जिवंत पोरांना बसवायला नाही."

"बोलायला सोपं आहे तुला. तू परवा गाडीत बसून जाशील."

हे तो खरं बोलला, आणि खरं बोलला म्हणून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

भूकंपाची पाहणी करणाऱ्या आमच्या समितीचे प्रमुख रिस्बेक कासिमोविच त्याच दुपारी आले. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर डोंगर पाहून आता त्यांना गुडघेदुखी आणि निवृत्ती एवढंच दिसत होतं. तंबूत नकाशा पसरून ते भाकरीचा तुकडा सायीत बुडवत होते.

"बुरुल, मलाही वाटतं पहिला असेल," ते म्हणाले. "उपग्रहाच्या चित्रात खोरं सरकलेलं दिसतंच. पण नेमकं कुठे फाटलं त्यावर बोट ठेवता येत नाही. गावातून गेलं असेल, नाहीतर वर दरडीखालून गेलं असेल आणि गावात नुसती माती खचली असेल. गाव म्हणतं खचली."

"गावाला काय कळतं?"

"गावाला कळत नाही, पण गाव सही करतं. तू एक माप दाखव. एकच, पण खरं. अमुक वस्तू आधी सरळ होती, आता एवढी सरकली. मी एक लिहीन. नाही दाखवलंस तर तीन."

"खंदक खणून दाखवते. थर तुटलेले दिसतील."

"खणायचं यंत्र दरडी उपसतंय, आणि आपण उद्या निघतोय."

"उद्या का?"

"कारण खोऱ्यात अजून सहा गावं आहेत," ते म्हणाले, आणि सायीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मी जेवले नाही. पाटाच्या काठाने वर गेले, खाली आले. पाट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, जुना पाट कुठून वळायचा. तो म्हणाला, पाणी वाहतंय ना, मग वळण कशाला विचारतेस. कुंपणवाल्याने सांगितलं, खांब वाकडे झाले होते ते सरळ केले, आभार मानायचे सोडून जाब कसला विचारतेस. पालथ्या घड्यावर पाणी. घरी पोचले तेव्हा माझ्या डोक्यात नुसत्या शिव्या होत्या.

आपा तळत होती. आपा म्हणजे माझी आई. गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्याकडे मेलेल्यांसाठी कणकेचे तुकडे, बोरसोक, तळतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. तुकडे कढईत सोडताना आपा नावं घेत होती. तिचे आईवडील, सासूसासरे, मग माझे बाबा. आणि शेवटी, मूठभर कणीक जास्तीची घेऊन, ती म्हणाली, "आणि परक्यासाठी."

"हा परका कोण?"

"कब्रस्तानात वर आलाय तो," ती सहज म्हणाली. "भूकंपात कोणा जुन्या माणसाची कबर उघडी पडली. दगड नाही, नाव नाही. पोरांनी लिंपली, तालायने फातिहा वाचला. मी म्हटलं, त्याचं तळणारं कोणी नसेल तर मीच तळते. तुझ्या बापाच्या शेजारीच आहे."

मी तिच्याबरोबर निघाले. खरं सांगायचं तर भावाच्या तोंडाकडे बघत घरात बसायचं नव्हतं म्हणून निघाले. आमच्या गावात बायका कब्रस्तानाच्या भिंतीच्या आत जात नाहीत, पुरतानाही नाही आणि नंतरही नाही. बाहेर, झऱ्याच्या बाजूला उभं राहून दुवा मागायची. बाबांना पुरलं तेव्हा मी नववीत होते आणि याच भिंतीपाशी आपाचा हात धरून उभी होते. तालाय तेव्हा इतका लहान होता की त्याला आत नेलं ते काकाच्या खांद्यावर बसवून. त्याला बाबांचा चेहरा आठवतो तो दगडावर कोरलेलाच.

बाबा आणि आणखी सहा जण घाटातला रस्ता मोकळा करत होते. वरून बर्फाचा कडा सुटला. सातही जण वसंतात सापडले आणि एकाच दिवशी एका ओळीत पुरले गेले. गावात त्या ओळीला साताची ओळ म्हणतात. लहान पोराला विचारा, तो सांगेल. भिंतीवरून मला सात काळे दगड दिसत होते, डोक्याच्या बाजूला, डोंगराकडे. पश्चिमेच्या टोकाला शेर्मात. पूर्वेच्या टोकाला बाबा, आणि त्यांच्या अलीकडे ओरमोन. ओरमोन आमचा शेजारी. बाबांचं आणि त्याचं पाण्याच्या पाळीवरून आयुष्यभर पटलं नाही, आणि पुरायच्या वेळी मात्र दोघांना शेजारी ठेवलं.

दगडांखाली मातीचे लांबट ढिगारे, पाय आमच्या बाजूला, गावाकडे. खालच्या बाजूने सगळे ताजे लिंपलेले.

सात दगड. ढिगारे आठ.

मी पुन्हा पाहिलं. बाबांच्या पूर्वेला, दगड नसलेला तो आठवा, आपाचा परका. तो बाकीच्यांपेक्षा आखूड होता आणि खालच्या बाजूलाच होता, जणू कोणी माणूस वरून कापलेला. मग मी पश्चिमेला पाहिलं. शेर्मातच्या दगडाखालचा ढिगारा अर्ध्यापर्यंत जुना, भेगाळलेला, आणि अर्ध्याखाली नवी कोरी माती. त्याला खाली पाय नव्हतेच, ते नवीन करून लावले होते.

मी भिंत घट्ट धरली. भेग ओळीच्या मधून गेली होती. हे काही विचित्र नव्हतं. भ्रंशावरचा दगड चुरलेला असतो, खणायला मऊ, म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी सात कबरी एका दिवसात खणायला ती पट्टी निवडली. शाळेलाही तीच मऊ सपाट पट्टी मिळाली. झराही त्याच पट्टीतून फुटतो. गाव पिढ्यान् पिढ्या त्या भ्रंशाच्या जिवावर सोय बघत आलं होतं. आणि त्या सकाळी डोंगराकडचा अर्धा भाग पश्चिमेला सरकला, बरोबर एका कबरीएवढा. सातही डोकी एकेक घर पुढे गेली. पाय होते तिथेच राहिले.

दगडाकडून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. प्रत्येक दगडाखाली ढिगारा. फक्त तो ढिगारा शेजाऱ्याचा.

"आपा," मी म्हटलं, "तो परका नाही."

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही. तिने बोरसोकची थाळी भिंतीवर ठेवली आणि म्हणाली, "त्या ओरमोनचं तोंड बघायचं नाही म्हणायचे. आता त्याचे पाय उशाला घेऊन पडलेत."

सकाळी मी सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं. रिस्बेक कासिमोविच गाडी सुरू ठेवूनच आले. पांढरदाढे आले, त्यांत सर्वांत मोठे शाबदान आजोबा, कोक-बोरूचे जुने घोडेस्वार, अजूनही पाय फाकूनच चालतात. तालाय शेवटी आला.

"साताच्या ओळीत किती माणसं?" मी विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?" शाबदान आजोबा म्हणाले.

"उत्तर द्या."

"सात."

"ढिगारे मोजा."

ते मोजायला लागले, दाढी हलवत. "तो आठवा जुना आहे," ते म्हणाले. "वर आला."

"मेलेला माणूस बटाटा आहे का, हलवलं की वर यायला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "तालाय, तू बाबांच्या पायाशी काय लावलं होतंस?"

"विटा," तो म्हणाला. "लाल. जुन्या शाळेची चूल पाडली तेव्हा आणलेल्या. तुला माहीत आहे."

"आणि ओरमोनच्या मुलांनी?"

"नदीतले पांढरे गोटे."

"आत जा. बाबांच्या दगडाखाली, पायाकडे उकर."

"एजे, कबर उकरायची नसते."

"कबर नाही. तुम्ही लिंपलंय ते उकर. तुमच्या हातची माती आहे, बापाची नाही. मी बाई आहे म्हणून आत येत नाही, नाहीतर केव्हाच उकरलं असतं."

तो पांढरदाढ्यांकडे पाहायला लागला. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. शेवटी आपा म्हणाली, "जा," आणि तो गेला.

बाबांच्या दगडापाशी वाकून त्याने आधी ओठ हलवले, मग ढिगाऱ्याच्या खालच्या टोकाला बोटांनी नवा गिलावा खरवडला. थोडीच माती निघाली. आत पांढरा गोटा होता. त्याच्या शेजारी दुसरा.

तो कोणी न सांगता उठला आणि बाजूच्या दगड नसलेल्या ढिगाऱ्यापाशी गेला. तिथे त्याला खरवडायलाही लागलं नाही, अंगठा दाबला आणि कपची पडली. आत लाल वीट होती. एका कोपऱ्याला काजळी, चुलीची. ती त्याने स्वतः लावली होती, पहिली कमाई हाती आल्यावर, एका उन्हाळ्यात, विटेला वीट घासून.

"त्या दिवशी मी तिकडच्या टोकाला ताज्या कबरी खणत होतो," तो म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं. "पोरांनी लिंपलं. म्हणाली, एक जुनी निघाली. मी येऊन नुसता फातिहा वाचला. म्हटलं, या अनोळखी माणसाला माफ कर."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला दिसत होतं की हा माणूस बापाच्या पायाशी उभा राहून परक्यासाठी प्रार्थना करून आला आणि त्याच्या हातात फावडं होतं. फावडं थोडा वेळ खाली ठेवून नुसतं पाहिलं असतं तरी पुरे होतं.

"टेप धर," मी म्हणाले आणि भिंतीवरून टेप फेकली. "विटेच्या मध्यापासून बाबांच्या दगडाच्या मध्यापर्यंत. आडवं."

त्याने धरली. रिस्बेक कासिमोविच गाडी बंद करून आले, भिंतीवर हात टेकून वाकले.

"एक मीटर ऐंशी," तालायने वाचलं.

"पुढचा. ओरमोनचे गोटे आणि ओरमोनचा दगड."

"एक ऐंशी... ब्याऐंशी."

"पुढचा."

प्रत्येक ठिकाणी तेवढंच आलं. खचलेली माती असं करत नाही. ती कुठे हातभर जाते, कुठे बोटभर, आणि जाते ती उताराकडे. ही उताराला आडवी गेली होती, सगळी एकजात, एका मापाने. हे मी मोठ्याने सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. रिस्बेक कासिमोविच माझ्या आधी डोंगरात गेलेले आहेत.

"अहवालात काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं. "कबरी मोजून प्रकार ठरवला? लोक हसतील, बुरुल."

"हसू देत. पाट, कुंपण, रस्ता, सगळं तुम्हाला चालतं. बाप का चालत नाही?"

त्यांनी नकाशा भिंतीवर पसरला आणि शाळेच्या पायाला छेदून जाणाऱ्या रेषेवर एक आकडा लिहिला. मग टोपण लावून म्हणाले, "पहिला. इथे आता वीटही लावता येणार नाही. पण शाळा मग कुठे बांधायची ते मी सांगू शकत नाही. ते गावाने ठरवायचं." आणि गुडघा धरत गाडीत बसून निघून गेले.

गावाने ठरवायचं म्हटल्यावर सगळे खाली मैदानाकडे पाहायला लागले आणि सगळ्यांनीच मान फिरवली.

"मैदानाचं नाव काढायचं नाही," शाबदान आजोबा म्हणाले. "जागा बघू. पुढच्या वर्षी बघू. वरच्या कुरणात खडक फोडून—"

"पुढच्या वर्षी पोरं कुठे बसतील?" मी म्हणाले. "तुमच्या घोड्यावर?"

"तू बिश्केकची आहेस आता. तुला मैदानाची काय किंमत?"

तालाय कब्रस्तानातून बाहेर आला. हाताला चिखल, विटेची लाल पूड. भिंतीला टेकवून ठेवलेलं फावडं त्याने उचललं, भेग बुजवताना वापरलेलंच असणार, गावात सगळ्यांची फावडी तिथेच पडून होती, आणि उताराने खाली मैदानात गेला. आम्ही वरून पाहत होतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना गोल, कठड्याचे मातीचे खड्डे आहेत, बोकड टाकायचे. तो जवळच्या खड्ड्यापाशी गेला आणि कठडा पाडून आत माती लोटायला लागला.

शाबदान आजोबा धावले. त्या वयात माणूस घोड्याशिवाय इतका धावू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मी मागे गेले.

"वेडा झालास का, तालाय?" ते धापा टाकत ओरडले. "बापजाद्यांचं मैदान आहे हे."

तालायने माती लोटणं थांबवलं नाही.

"माझ्या बापाचं डोकं एकीकडे आणि पाय एकीकडे आहेत, आजोबा," तो म्हणाला. "मला बापजाद्यांचं सांगू नका."

म्हातारे उभे राहिले. मग त्यांनी आपली उंच टोपी काढून घाम पुसला आणि मागे वळून कब्रस्तानाकडे पाहिलं. साताच्या ओळीत तिसरा दगड त्यांच्या धाकट्या भावाचा आहे. त्यांनी अडवलं नाही, आणि आमच्याकडे पांढरदाढ्याने अडवलं नाही म्हणजे हो.

मी दुसरं फावडं घेतलं. राग गेला नव्हता, तो हातात आला होता, आणि माती लोटायला बरा पडत होता. तालाय एकदा म्हणाला, "एजे, आता त्यांना नीट कसं करायचं?" मी म्हणाले, "नीट करायचं नाही. तुमच्या नीट करण्यानेच ही वेळ आली. आहे तसं राहू दे." खड्डा भरायला आम्हाला दुपार झाली.

पुढच्या गुरुवारी मी अजून गावातच होते, शाळेची नवी रेषा आखायला. आपाने कढई ठेवली. आईवडील, सासूसासरे, बाबा. मग पुन्हा मूठभर कणीक घेतली.

"आणि परक्यासाठी," ती म्हणाली.

"आपा, परका कोणी नाहीच. बाबाच ते."

"माहीत आहे मला," ती माझ्यावर खेकसली. "तुझ्यासारखी शिकलेली नाही म्हणून एवढंही कळत नाही का? पण इतके गुरुवार परका म्हणून जेवला माझ्या हातचं. मुकाट्याने जेवला. आता ओळख पटली म्हणून त्याचं ताट काढून घेऊ?"

तिने मुठीतली कणीक कढईत सोडली.